हात कुठे खर्च करायचा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे म्हटलं की "म्हणजे फिजिओच ना?" असा प्रश्न ठरलेला. आता मीही "जवळपास" म्हणते आणि कामाला लागते. पुण्यात माझं बरंचसं काम संधिवाताच्या पेशंटच्या घरी जाऊन चालतं. दवाखान्यात बाई खुर्चीवर नीट बसते, हात मांडीवर ठेवते आणि सांगते, "सगळं करते हो मी, फक्त बोटं दुखतात." घरी गेलं की तीच बाई माझ्यासाठी चहा टाकायला उठते. या चहाला मी कधी नाही म्हणत नाही. साखरेच्या डब्याचं झाकण कोणत्या हाताने उघडलं, लायटर एका हाताने दाबला की दोन्ही हातांनी, पातेलं सांडशीने उतरवलं की फडक्याने, कप बशीसकट आणला की कानाला एकच बोट अडकवून, हे चहा होईपर्यंत दिसतं. फॉर्मवरचे चाळीस प्रश्न विचारूनही एवढं कळत नाही.

सांडशी ही आपल्या ओट्यावरची सगळ्यात निर्दयी वस्तू आहे, असं माझं ठाम मत आहे. आमटीचं भरलेलं पातेलं एका कडेला धरायचं, म्हणजे सगळं वजन एका बाजूला लोंबकळणार. मूठ जराही सैल सोडायची सोय नाही, आणि ओतताना मनगट वळवायचं ते वेगळंच. निरोगी हात हे दिवसातून वीस वेळा सहन करतो. ज्या हाताच्या अंगठ्याचं मूळ झिजलंय, त्याला प्रत्येक वेळ मोजावी लागते. अंगठ्याच्या टोकाशी चिमटीत एक किलोचा जोर लावला, तर त्याच्या मुळाशी, मनगटालगतच्या सांध्यावर, बाराएक किलोचा दाब येतो. हे १९७०च्या दशकातलं गणित आहे आणि ते मी प्रत्येक घरात सांगते, कारण ते ऐकलं की लोक मेथीच्या जुडीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. मेथी निवडणं, लसूण सोलणं, शेंगांच्या शिरा काढणं ही आपल्याकडे "बसल्या बसल्या" करायची, म्हणजे जवळपास विश्रांतीतच मोडणारी कामं. दुखऱ्या अंगठ्यासाठी मात्र तासभर मेथी निवडणं हे पाण्याची बादली उचलण्याइतकंच कष्टाचं असतं.

आजाराचे दोन मोठे प्रकार मला रोज भेटतात, आणि घरात दोघांनाही "वात" एवढंच म्हणतात. एक झिजेचा. यात गुडघे, अंगठ्याचं मूळ, बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर येणाऱ्या कडक गाठी. दुसरा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड. यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, बोटांची मुळं सुजतात, सकाळी तास-दोन तास मूठ वळत नाही, थकवा असा येतो की दात घासले तरी दम लागावा. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ साली भिगवणला घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. त्यात मोठ्या माणसांमध्ये साधारण अर्धा टक्का आमवात सापडला होता. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. दोनशे माणसांच्या सोसायटीत एक, असं म्हटलं की तो मजला आणि तो फ्लॅट आठवायला लागतो.

आमवातात बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलतात. हे एकदम होत नाही, आणि ते फक्त आजाराने होतं असंही नाही. बरणीचं घट्ट झाकण उजव्या हाताने उघडताना आपण जेवढा जोर लावतो, तेवढाच उलटा जोर ते झाकण बोटांवर लावतं, तोही करंगळीच्या दिशेने. सांध्यांभोवतीची बंधनं सुजून सैल पडलेली असताना दिवसातून दहा वेळा हा धक्का बसला की बोटांना ती दिशा सवयीची होते. म्हणून मी सांगते, झाकण डाव्या हाताने उघडा, किंवा त्याखाली रबराचा तुकडा घेऊन तळहाताने फिरवा. मुळात लोणच्याची बरणी इतकी आवळून कोण ठेवतं, हे घरात आधी शोधा. ते बहुधा यजमान असतात.

आमच्या विषयाची पाठ्यपुस्तकं बहुतेक अमेरिकेतली आणि इंग्लंडमधली. १९६५ साली जॉय कॉर्डरी नावाच्या थेरपिस्टने सांधे जपण्याची तत्त्वं व्यवस्थित मांडली, आणि आजही आम्ही तीच वापरतो. दुखण्याचं ऐका, लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्याला द्या, एकाच अवस्थेत फार वेळ राहू नका, जोर पसरून घ्या. तत्त्वं अगदी बरोबर आहेत. उदाहरणं मात्र बाथटबात उतरण्याची, कॅन उघडण्याची, ओव्हनमधून ट्रे काढण्याची. आपल्याकडे हा व्यवसाय आणला तो कमलाबाई निंबकरांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या, लग्न करून इथल्या झालेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. आशियातली ती पहिली. मला नेहमी वाटतं, एक बाई सातासमुद्रापलीकडून येऊन हे काम इथल्या मातीत रुजवू शकली, तर मोरीतली बादली, विळी, पाट आणि परात यांच्यावरचे धडे आपण इतक्या वर्षांत लिहायला हवे होते. ते आम्ही एकमेकींना तोंडीच सांगतो.

परातीचंच घ्या. फ्लॅटमधला ओटा साधारण ३३ इंच उंच असतो. पाच फुटांच्या आतली बाई त्यावर कणीक मळायला लागली की तिचे खांदे वर चढतात, कोपर दुमडतात, आणि अंगाचा भार परातीपर्यंत पोचतच नाही. मग सगळा जोर बोटं आणि मनगटं लावतात. जेवणाचं टेबल ओट्यापेक्षा तीनेक इंच बुटकं असतं. परात तिथे ठेवली, खाली ओला फडका घातला, कोपर जवळजवळ सरळ ठेवून तळहाताच्या टाचेने दाबलं की तेच काम खांदा आणि पाठ उचलते. आणि कणीक कोरडसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवावी. पाणी मुरताना पीठ आपोआप चिवट होत जातं, नंतर दोन-चार मिनिटं तिंबलं तरी पुरतं. हे जुन्या बायकांना माहीत असतंच, फक्त घाईत कोणी थांबत नाही. लाटणं जाड घ्यावं आणि त्याच्या टोकांना मुठीत न धरता उघडे पंजे वरून फिरवावेत. ज्वारीच्या भाकरीची लोकांना उगाच भीती. थापताना पंजा उघडा असतो, ते सुजऱ्या बोटांना फारसं जड जात नाही. जड जातं ते पीठ रगडणं आणि बिडाचा तवा उचलणं.

एवढं सगळं सांगितलं, तर ऐकणारी बाई मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी जुन्याच पद्धतीने काम करते. इंग्लंडमध्ये आमवाताच्या पेशंटवर यावर चांगले अभ्यास झाले आहेत. माहितीपत्रक देऊन, तत्त्वं समजावून फारसं काही बदलत नाही. तेच काम समोर परत परत करून घेतलं, घरी जाऊन काय करणार ते ठरवून घेतलं, तर बदलतं आणि टिकतं. माझा अनुभव त्यापुढे थोडा सरकतो. सरावानेही जे बदलत नाही, तिथे बहुतेक वेळा प्रश्न हाताचा नसतो, मानाचा असतो. ते काम माझं आहे, ते असंच करायचं असतं, आणि ते मी सोडलं तर या घरात माझं काय उरलं, हा हिशेब कोणी उघड बोलत नाही. म्हणून मी हल्ली पहिल्या भेटीत "कोणतं काम जमत नाही" हे उशिरा विचारते. आधी विचारते, "कोणतं काम काही झालं तरी सोडायचं नाही?"

कोथरूडच्या एका काकूंनी याला क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं, "गणपतीचे मोदक." माहेर रत्नागिरीकडचं, आमवात जुना, औषधांनी आटोक्यात, पण उजव्या हाताची बोटं कलायला लागलेली. सून म्हणाली, "अहो मॅडम, आम्ही त्यांना सांगून दमलो, विकत आणू म्हणून." काकूंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

मग आम्ही तिघी टेबलाशी बसलो आणि मोदक सुटा केला. नारळ फोडणं, खवणं, सारण ढवळणं, उकड काढणं, ती मळणं, पारी करणं, मुखऱ्या पाडणं, मोदकपात्र उचलणं. प्रत्येक पायरीला मी एकच विचारत होते, यात काकू कुठे आहेत? नारळ खवताना विळीपुढे एक गुडघा मुडपून बसायचं, दोन्ही पंजांनी करवंटी दात्यांवर दाबायची आणि दाबत असतानाच फिरवायची. जोर, पीळ आणि अवघड बैठक, तिन्ही एकदम. ते कुणीही केलं तरी मोदकाला कळणार नव्हतं. मुलाने ओट्याला चिकटणारी, हँडल फिरवायची खवणी आणली आणि ते काम त्याच्याकडे गेलं. सारण आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये. उकड गरम असताना जाड बुडाच्या वाटीने सुनेने दाबून मऊ करायची, नंतर काकूंनी फक्त हात फिरवून "झाली की नाही" ते सांगायचं. मोदकपात्राला काकूंनी हातच लावायचा नाही.

उरली पारी आणि मुखऱ्या. तिथे मी अडखळले, कारण पारी म्हणजे अंगठ्याने आतून दाब आणि बोटांनी बाहेरून आधार, शुद्ध चिमटीचं काम. उकडीची पुरी लाटून तिच्या मुखऱ्या पाडायच्या, असं मी सुचवलं. काकूंनी एक करून दाखवली आणि बाजूला ठेवली. "लाटलेली पारी हाताला कळत नाही. कडेला किती पातळ झाली ते अंगठ्यालाच समजतं." यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. तो अंगठा त्या दिवसासाठी राखून ठेवलेला होता, आणि तो तिथेच खर्च व्हायला हवा होता. ठरलं असं की नैवेद्याचे एकवीस काकूंच्या हातचे, बाकी घरच्यांचे साच्यातले. नैवेद्य साडेबाराला, आणि काकूंची बोटं दहाच्या आत सुटत नाहीत, म्हणून वेळापत्रक उलटं मांडलं. सकाळी कोमट पाण्यात हात, मग बोटं नुसती उघडमीट, साडेदहाला टेबलाशी बसायचं, कोपर टेबलावर टेकलेले. चार-पाच मोदक झाले की थांबायचं, पंजे पसरायचे, मग पुढचे. आणि आधीचे दोन दिवस लसूण, भाजी, धुणं, कशालाही हात लावायचा नाही. ही शेवटची अट सगळ्यात कठीण गेली. गणपतीच्या आधी दोन दिवस नुसतं बसून राहणारी सासू त्या घराने पाहिलीच नव्हती.

पुरेसं झालं की जास्त झालं हे ओळखायला मी सगळ्यांना एक साधा नियम देते. काम संपल्यावर दोन तासांनीही दुखणं नेहमीपेक्षा जास्तच राहिलं, तर पुढच्या वेळी ते काम कमी करायचं किंवा तुकड्यांत करायचं. काकूंनी त्या दुपारी फोन करून सांगितलं, तीन वाजेपर्यंत ठणकत होतं, आता बरं आहे. मोदक कसे झाले ते सांगितलं नाही, ते मी गृहीत धरायचं होतं.

पुरुषांच्या बाबतीत हा मान देवघराशी किंवा पिशवीशी अडकलेला असतो. भाजीची पिशवी बोटांवर लटकवू नका, खांद्याला किंवा कोपराजवळ अडकवा, म्हटलं की "बायकांसारखी?" असं उत्तर मिळतं. त्यांना मी पाठीवरची सॅक सुचवते, ती चालते. एका निवृत्त शिक्षकांचे दोन्ही गुडघे झिजलेले होते. पूजा मात्र पाटावर मांडी घालूनच. बसणं जमायचं, उठताना देव्हाऱ्याच्या कडेला धरून अंग वर ओढायचे, एकदा देव्हाराच हलला. खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणाले, "देव खाली आणि मी वर?" मुद्दा बरोबर होता. मग देव वर नेले. भिंतीला छातीच्या उंचीवर फळी, त्यावर देव्हारा, समोर हात टेकायला दांडे असलेली उंच खुर्ची. सहाणेखाली ओला फडका घातला, म्हणजे गंध उगाळताना ती एका हाताने दाबून धरायला नको. आता काका म्हणतात की देवाचा चेहरा नीट दिसतो. जाता जाता त्यांची काठीही दुसऱ्या हातात दिली. उजवा गुडघा जास्त दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची, हे दहातल्या आठ लोकांना उलटं वाटतं.

जमिनीवर बसणं वाईटच, असं मी म्हणत नाही. आयुष्यभर मांडी घालून बसलेल्या माणसाचे खुबे छान मोकळे असतात, ते उगाच का घालवायचे? कशाचाही आधार न ओढता उठता येत असेल तर बसा. येत नसेल तर सक्काळी उकिडवं बसून केर काढण्यात काही पुण्य नाही. "दिवसभर कामच तर करते, वेगळा व्यायाम कशाला?" हेही मला प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. काम करताना सांधा एका ठरावीक कोनात, ओझ्याखाली राहतो. व्यायामात तो ओझ्याशिवाय पूर्ण फिरतो, नाहीतर त्याच्याभोवतीचा स्नायू मुद्दाम बळकट केला जातो. गुडघ्याला मांडीच्या स्नायूचाच खरा आधार, आणि तो केर काढून बनत नाही. वजनाचा विषय मी हलक्या हाताने काढते, कारण तो सगळ्यांनी आधीच काढून झालेला असतो. एवढंच सांगते की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. चार-पाच किलो उतरवण्याची कल्पना लोकांना मग निदान फायद्याची तरी वाटते.

वस्तूंचं म्हणाल तर महागड्या वस्तू बहुतेक कपाटात जातात. बरणी उघडायचं परदेशी यंत्र मी कितीतरी घरांत पिठाच्या डब्यामागे पाहिलंय. टिकतात त्या साध्या गोष्टी. एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. चमच्याला, सुरीला, दात घासायच्या ब्रशला, झाऱ्याला तो चढवला की मूठ कमी आवळावी लागते. मोरीत बादली स्टुलावर ठेवली की वाकायला नको. पिरगाळायच्या नळाऐवजी दांडीचा नळ हा माझा सगळ्यात मोठा आग्रह, आणि सगळ्यात जास्त विरोध त्यालाच होतो. महिन्याच्या हजारोंच्या गोळ्यांना कोणी ना म्हणत नाही, आणि प्लंबर बोलवायला मात्र घर "दिवाळीनंतर बघू" म्हणतं. गोळ्या हा माझा प्रांत नव्हे, तरी पाकीट मी बघतेच. आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी असते, ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. ती कोणत्या वारी घ्यायची, हे घरात निदान दोन माणसांना पाठ असलं पाहिजे.

स्प्लिंटची तर निराळीच कथा. गरम पाण्यात मऊ होणारं प्लास्टिक हातावर दाबून मी अंगठ्याचा किंवा मनगटाचा आधार घडवते. ते माझं आवडतं काम, पाच-सात मिनिटांत वस्तू तयार होते. पण तो घालून बाहेर जायला बायका तयार नसतात. "फ्रॅक्चर झालं का?" म्हणून लिफ्टमध्ये सगळे विचारतात, आणि बांगड्या काढाव्या लागतात ते वेगळं. म्हणून रात्रीचा आणि स्वयंपाकाचा, एवढंच मी मागते. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका, हेही बजावते. नागपूरला लेकीकडे गेलेल्या एका आजींचा स्प्लिंट मे महिन्यात डॅशबोर्डवर राहिला आणि तव्यावरच्या पापडासारखा वेडावाकडा होऊन परत आला.

माझा फोन सगळ्यात जास्त वाजतो तो दिवाळीच्या आधी. सोऱ्या फिरवणं हे दुखऱ्या मनगटाला पिळवटून काढणारं काम, त्यामुळे चकलीचा प्रश्न दरवर्षी येतो. मी आता उपाय आधी सांगतच नाही, विचारते, "फराळातलं तुमचं काय?" परवा एका आजींनी थोडा विचार करून सांगितलं, "चकल्या कोणीही पाडू दे, नातू पाडेल. भाजणी मी भाजणार." मग आम्ही भाजणीबद्दल बोललो. उंच स्टूल शेगडीशी, कढई दोन कानांची, लांब दांड्याचा झारा फोम लावून, एका वेळी एकच डाळ आणि दोन डाळींमध्ये खिडकीपर्यंत एक फेरी. गिरणीत डबा नातवाने न्यायचा. "आणि तो घरघंटीवर दळून आणतो म्हणाला, तर चालेल का?" असं त्यांनी विचारलं. ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी माझ्या आईला फोन लावला.